बायबल बाजूला ठेवलं तर येशूबद्दल काय उरतं?

प्रश्न असा आलाय: ‘मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, ख्रिस्ती नाही. बायबल बाजूला ठेवलं तर येशूबद्दल खात्रीने काय सांगता येतं? तो खरंच होऊन गेला का? आणि कुठल्याशा खेड्यातल्या सुताराच्या नावाने एवढा मोठा धर्म उभा कसा राहिला?’

मी एकतीस वर्षं नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून सुरू होणारा दुसरा भाग, शिकवला, आणि तो ज्या बोलीभाषेच्या ग्रीकमध्ये लिहिलाय ती ग्रीकही. घराणं नगरकडचं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती, तेव्हा मी तटस्थ आहे असा आव आणणार नाही. वर्गात मात्र एक शिस्त पाळत आलो: श्रद्धा सांगताना ती श्रद्धा आहे हे सांगायचं आणि इतिहासात तिची भेसळ करायची नाही. येशूला मी ‘तो’ म्हणणार आहे, त्यात अनादर नाही. आमच्याकडे प्रार्थनेत देवाला एकेरीच हाक मारतात, जशी आईला मारतात.

होऊन गेला का? हो. प्राचीन रोमन जगाचे अभ्यासक, त्यात ज्यू आले, नास्तिक आले, यावर आता फारसे भांडत नाहीत. बायबलबाहेरचे साक्षीदार थोडे आहेत, पण ते येशूच्या बाजूचे नाहीत ही त्यांची किंमत. रोमन इतिहासकार टॅसिटस साधारण इ.स. ११६च्या सुमारास ६४ सालच्या रोममधल्या आगीविषयी लिहितो. नीरोने आळ ख्रिस्ती लोकांवर ढकलला असं सांगून जाता जाता त्या नावाचा उगम देतो: सम्राट तिबेरियसच्या अमदानीत यहूदियाचा रोमन अधिकारी पिलात याने ज्याला देहदंड दिला तो ‘ख्रिस्तुस’. या पंथाला तो ‘घातक अंधश्रद्धा’ म्हणतो, म्हणजे स्तुती करायला लिहिलेलं नाही. त्याआधी थोडं, ११२च्या आसपास, आजच्या उत्तर तुर्कस्तानातल्या बिथिनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट त्राजनला पत्र लिहून विचारतो की या लोकांचं करायचं काय. ते पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्रं म्हणतात.

तिसरा योसेफस, स्वतः ज्यू, ९३-९४ साली ज्यूंचा इतिहास लिहिणारा. त्याच्या ग्रंथात येशूवर एक परिच्छेद आहे, आणि तोच नेमका बिघडवलेला आहे. ‘हा ख्रिस्त होता’ असं शेवटपर्यंत ज्यू राहिलेला माणूस लिहिणार नाही. पुढे कुणा ख्रिस्ती नकलकाराने भक्तीच्या भरात ते घुसडलं. बहुतेकांच्या मते ती घुसडण काढली तरी खाली मूळचं काहीतरी उरतं. माझा भर मात्र त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या, अगदी कोरड्या उल्लेखावर असतो. ६२ साली यरुशलेमच्या प्रमुख याजकाने, म्हणजे मुख्य पुरोहिताने, याकोब नावाच्या माणसाला दगडमार करवला. तो कोणता याकोब? नाव तर गल्लोगल्ली. म्हणून योसेफस ओळख देतो: ‘ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ.’ कुणाचा गौरव करायला कुणी असं लिहीत नाही. आपण ‘तो कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याचा भाऊ’ म्हणतो, तसं ते आहे.

एक गंमत. टॅसिटस पिलाताला जो हुद्दा देतो तो टॅसिटसच्या स्वतःच्या काळचा. पिलाताचा खरा हुद्दा काय होता ते १९६१ साली कळलं. कैसरियाच्या जुन्या नाट्यगृहात जिन्याला पुन्हा वापरलेला एक दगड निघाला, त्यावर लॅटिनमध्ये पिलाताचं नाव आणि ‘प्रिफेक्ट’ हा हुद्दा होता. वर्गात दगडाचा फोटो दाखवला की पोरं सरसावून बसायची. चार शुभवर्तमानं, म्हणजे नव्या करारातली येशूची चार चरित्रं, ज्याला ओळखतात त्या माणसाचं नाव पायरीखाली गेलं होतं.

आता ‘बायबल बाजूला ठेवलं तर’ याकडे येतो. तशी गरज नाही, आणि ठेवूही नये. मराठ्यांचा इतिहास शिकताना तुम्ही बखरी फेकून देता का? बखरकाराला धन्याचा गौरव करायचा आहे हे लक्षात ठेवून वाचता. आणि धन्याला अडचणीची गोष्ट बखरकाराला टाळता आलेली नाही असं दिसलं, की तिथे कान टवकारता. शुभवर्तमानं तशीच वाचायची. मार्काचं सगळ्यांत जुनं, इ.स. ७०च्या आसपासचं, मत्तय आणि लूक त्यानंतर दहावीस वर्षांनी, योहान पहिल्या शतकाच्या अखेरीस. त्यांच्याही आधीची पौल या सुरुवातीच्या प्रचारकाची पत्रं, ५० ते ६०च्या दरम्यानची. लिहिणारे सगळे भक्त. या भक्तांची जिथे पंचाईत झाली, तिथेच मला इतिहास सर्वांत घट्ट हाताला लागतो.

येशू योहानाकडून (हा संदेष्टा योहान, शुभवर्तमानवाला नव्हे) यार्देन नदीत बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यातलं विधिस्नान, घेतो ही घटना बघा. बाप्तिस्मा पापक्षमेसाठी, मग निष्पाप येशूने तो का घ्यावा, आणि आपल्यापेक्षा लहान माणसाकडून का? मार्क सरळ सांगून मोकळा होतो. मत्तयाला राहवत नाही, तो योहानाच्याच तोंडी घालतो की मीच तुमच्याकडून बाप्तिस्मा घ्यायला हवा. लूक आधी योहानाला तुरुंगात टाकल्याचं सांगतो, मग बाप्तिस्म्याचा उल्लेख करतो, तोही कुणी दिला ते न सांगता. चौथ्या शुभवर्तमानात योहान साक्ष देतो पण बाप्तिस्मा होतच नाही. चार पुस्तकं शेजारी उघडून ठेवली की अवघडलेपण वाढताना डोळ्यांनी दिसतं. अशी गोष्ट कुणी बनवणार नाही. हा योहान आणि त्याचा गालीलचा अधिपती हेरोद अंतिपाने घेतलेला जीव योसेफसलाही माहीत आहे.

गावाचंही तसंच. मसीहा, म्हणजे ज्यू ज्याची वाट पाहत होते तो तारणारा राजा, यावा दाविद राजाच्या बेथलेहेमातून, आणि हा तर नासरेथचा, ज्या गावाचं नाव जुन्या करारात एकदाही येत नाही. ‘नासरेथातून काही चांगलं निघेल का?’ हा टोमणा खुद्द शुभवर्तमानातच छापलेला आहे. मत्तय आणि लूक दोघेही त्याला बेथलेहेमात जन्माला घालतात, पण वेगवेगळ्या वाटांनी. मत्तयात जन्म थोरल्या हेरोदाच्या, म्हणजे अंतिपाच्या बापाच्या, राज्यात, आणि तो वारला इ.स.पू. ४मध्ये. लूकही सुरुवात हेरोदाच्या काळातच करतो, पण जन्माला कारण देतो ते रोमन सुभेदार क्विरिनियसच्या शिरगणतीचं, जी झाली इ.स. ६मध्ये. हे जुळवायला लोकांनी आयुष्यं घालवली. माझ्या मते जुळत नाही. हेरोदाचा धागा धरला तर जन्म इ.स.पू. ६ ते ४च्या दरम्यान. म्हणजे ख्रिस्त ख्रिस्तपूर्व जन्मला. चूक ५२५ साली रोममध्ये कालगणना बांधणाऱ्या दियोनिसियस नावाच्या संन्याशाची, आणि ती आजही आपल्या भिंतीवर लटकते आहे. २५ डिसेंबरला शुभवर्तमानांत आधार नाही. ती तारीख रोममध्ये चौथ्या शतकात, ३५४ सालच्या एका संग्रहात, सणाची म्हणून नोंदलेली सापडते.

‘सुतार’ हा शब्द मराठीत पक्का बसलाय, पण मूळ ग्रीक ‘तेक्तोन’ थोडा सैल आहे: लाकूडकाम, बांधकाम, हाताने उभं करण्याचं काम करणारा. नासरेथपासून सहा किलोमीटरवर सेफोरिस हे शहर तेव्हा नव्याने बांधलं जात होतं. येशू तिथे कामाला जात असेल का? पुरावा नाही, अंतर मात्र दीड तासाच्या चालीचं.

नावाबद्दलही सांगतो, कारण ‘ख्रिस्त’ हे आडनाव समजणारे मला दर वर्षी भेटले. येशू म्हणजे येशुआ, यहोशवा या नावाचं आखूड रूप. मराठी बायबलात मोशेनंतरचा पुढारी ‘यहोशवा’ आणि नव्या करारातला ‘येशू’ ही एकाच नावाची दोन रूपं आहेत, मधल्या ग्रीकमुळे वेगळी पडलेली. ‘ख्रिस्त’ म्हणजे तेल ओतून अभिषेक केलेला, हिब्रूत मसीहा. तो अरामी बोलायचा. ग्रीक मजकुरातही त्याचे दोनचार अरामी शब्द तसेच ठेवलेत: अब्बा, एफ्फाथा, तलिथा कूम. आणि तो जन्मभर ज्यूच होता. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत आणि म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. तो शनिवार आणि येशू ज्या शब्बाथाला सभास्थानात जायचा तो शनिवार एकच.

त्याने शिकवलं काय? त्याच्या बोलण्याचा गाभा ‘देवाचं राज्य’. मूळ शब्दात प्रदेश कमी आणि सत्ता जास्त. मला विचाराल तर ‘देवाची राजवट’. ती येऊन ठेपली आहे, म्हणून मन पालटा. ‘पश्चात्ताप करा’ या नेहमीच्या भाषांतरात रडणं जास्त ऐकू येतं आणि वळणं कमी. आता ही राजवट त्याने कुणाबरोबर जेवून दाखवली ते बघा. जकातदारांबरोबर, म्हणजे आपल्याच लोकांकडून परक्या सत्तेसाठी वसुली करणाऱ्यांबरोबर. पापी म्हणून ओवाळून टाकलेल्यांबरोबर. ज्या समाजात पंगत कुणाची कुणाशी हे ठरलेलं असतं तिथे याचा अर्थ काय होतो, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

दाखले, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथा, तर भाषांतरात सर्वांत जास्त मार खातात. शोमरोनी माणसाचा दाखला घ्या. यरुशलेमहून यरीहोकडची वाट, सुमारे पंचवीस किलोमीटरात हजार मीटरांचा उतार, लुटारूंची. एक माणूस अर्धमेला पडलाय. याजक आला, गेला. लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, आला, गेला. ऐकणाऱ्यांना वाटतं, आता तिसरा आपल्यातला साधा माणूस येणार. येतो शोमरोनी, म्हणजे ज्याच्या हातचं पाणीही नको असा. आपण आज ‘चांगला शोमरोनी’ हे परोपकारी माणसाचं नाव म्हणून वापरतो आणि डंख काढून टाकतो. एका भाषांतराच्या बैठकीत मी म्हटलं होतं, तळटीप द्या. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘सर, तळटीप दिली तर दाखला मेला, आणि नाही दिली तरी मेला.’ तळटीप गाळली. मी अजून साशंक आहे.

मृत्यूकडे येऊ, कारण सगळ्या प्रश्नांचं मूळ तिथे आहे. वल्हांडण सणाला यरुशलेम यात्रेकरूंनी फुगायचं. सण मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटल्याचा, आणि माथ्यावर रोमन सत्ता. पिलात एरवी समुद्रकाठच्या कैसरियाला राहायचा, पण सणाला सैन्य घेऊन यरुशलेमात यायचा. अशा वेळी येशू मंदिरात सराफांचे चौरंग उलथून टाकतो. याजकवर्गाला ते झोंबलं, पिलाताला दंगा नको होता. दोषपत्रावरचं वाक्य ‘यहूद्यांचा (ज्यूंचा) राजा’ हे आहे, आणि तो आरोप राजद्रोहाचा. वधस्तंभाची, म्हणजे क्रूसावर खिळून मारण्याची, शिक्षा रोमनांची. वार शुक्रवार हे चारही शुभवर्तमानं सांगतात. सालाबद्दल दोन तर्क जास्त धरले जातात, ७ एप्रिल ३० किंवा ३ एप्रिल ३३; मी तीसच्या बाजूचा.

वधस्तंभ म्हणजे काय हे आपण विसरलोय, गळ्यात सोन्याचा घालतो म्हणून. ती गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. स्पार्टाकसच्या बंडानंतर इ.स.पू. ७१मध्ये सहा हजार जणांना रस्त्याच्या कडेने टांगलं होतं. सिसेरो म्हणतो, हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या कानावर पडू नये. ज्यूंच्या शास्त्रात तर झाडावर टांगलेला माणूस देवाचा शापित. १९६८ साली यरुशलेमच्या उत्तरेला एका अस्थिपेटीत टाचेचं हाड मिळालं, टोक वाकलेला लोखंडी खिळा आत तसाच. वधस्तंभाच्या शिक्षेच्या ज्या मोजक्या वस्तू हाती आल्यात, त्यांतली ही पहिली.

म्हणून ‘आमचा मसीहा वधस्तंभावर मेला’ ही गोष्ट कुणी रचेल हे मला पटत नाही. रचायचीच तर विजयी राजा रचता आला असता. पौल स्वतः लिहितो की हे यहूद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटतं. लोक हसायचेही. रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर गिलाव्यात ओरखडलेलं एक चित्र १८५७ साली सापडलं, साधारण इ.स. २००च्या सुमाराचं: क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, खाली हात वर केलेला एक पोरगा, आणि शब्द, ‘अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतो’. क्रूसावरच्या येशूच्या आपल्याला ज्ञात असलेल्या अगदी जुन्या चित्रांतलं हे एक, आणि ते चिडवण्यासाठी काढलेलं. तो अलेक्सामेनोस कोण, पुढे त्याचं काय झालं, कुणाला ठाऊक नाही. मला मात्र तो फार जवळचा वाटतो. शाळेत आम्हालाही चिडवायचे.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. त्याचे शिष्य पळाले होते. काही काळातच तेच लोक, जिथे त्याला मारलं त्याच यरुशलेमात, तो उठला आहे असं सांगू लागले. पुनरुत्थान झालं का, हे इतिहासाच्या मापाने मोजता येत नाही. मी मानतो, पण ते मी रविवारी मानतो. त्यांना तो दिसला असं त्यांनी मनापासून मानलं, हे मात्र सोमवारीही सांगता येतं. पौल ५५च्या सुमारास करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना साक्षीदारांची यादी पाठवतो आणि ती आपल्याला आधीच्यांकडून मिळाली असं म्हणतो. म्हणजे ती घटनेनंतर काही वर्षांतलीच. याकोबाला, त्या भावाला, पौल स्वतः भेटला होता. आणि हा भाऊ कोणत्या घरातला? मार्क सांगतो, येशूला वेड लागलंय असं समजून घरचे त्याला धरून न्यायला आले होते. त्याच घरातला एक पुढे यरुशलेमच्या ख्रिस्ती मंडळीचा पुढारी होतो आणि दगडमारात मरतो.

उरलेलं अर्धं उत्तर रस्ते आणि जेवणाचं. पौलाने ठरवलं की यहूदी नसलेल्याला आत यायला सुंता नको. रोमन रस्ते होते, सगळीकडे ग्रीक चालायची. गुलाम आणि मालक एका मेजावर बसायचे, निदान बसायला हवेत असा दंडक होता. विधवांना मंडळी पोसायची. मग ३१३मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने या धर्माला मोकळीक दिली, ३८०मध्ये तो साम्राज्याचा धर्म झाला. ३२५च्या निकियाच्या बिशपांच्या परिषदेने बायबलची पुस्तकं ठरवली हा गैरसमज आहे. तिथे वाद पित्याच्या आणि पुत्राच्या नात्यावर होता. आपल्या नव्या कराराची नेमकी सत्तावीस पुस्तकांची यादी ३६७ सालच्या, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या पत्रात मिळते. चर्चच्या दारावर क्रूसावरचा येशू कोरायला पाचवं शतक उजाडलं, तोवर ती शिक्षा बंद झाली होती. लाज वाटणं थांबायला चारशे वर्षं लागली.

काश्मीरचं विचारणारा प्रत्येक वर्गात एक असतोच. येशू तरुणपणी लडाखला आला होता असं १८९४ साली नोतोविच नावाच्या रशियन लेखकाने छापलं, हेमिस मठातल्या पोथीचा हवाला देऊन. पुढे आग्र्याचा एक प्राध्यापक तिथे जाऊन आला, मठाच्या प्रमुखाने अशी पोथी नाही म्हणून सांगितलं. विषय तेवढाच.

वारशाची काळी बाजू मी गाळत नाही. ‘यहूद्यांनी येशूला मारलं’ असं शिकवून आम्ही ख्रिस्ती लोकांनी त्याच्याच जातभाईंना शतकानुशतकं छळलं. कॅथलिक चर्चने तो आरोप अधिकृतपणे नाकारायला १९६५ उजाडावं लागलं. गोव्यात धर्मसमीक्षण सभा (इन्क्विझिशन) १५६० ते १८१२, मध्ये थोडा खंड सोडून, लोकांच्या मागे लागली होती. १६८४मध्ये तिथल्या पोर्तुगीज सरकारने कोकणी बोलण्यावर बंदीचा हुकूम काढला. आणि याच गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेसुइटाने येशूचं चरित्र मराठी ओवीत बांधलं. १६१६मध्ये राचोलला छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’, सुमारे अकरा हजार ओव्या, रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. भाषेवर एवढं प्रेम आणि शेजारी एवढा जुलूम, दोन्ही एकाच मुलखात, एकाच देवाच्या नावाने. मला हे कधी नीट पचलेलं नाही.

आमच्याकडे मग येशू आणखी रूपांत आला. जोतीरावांनी १८७३च्या ‘गुलामगिरी’त त्याला बळीराजाच्या पंगतीला बसवलं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी अभंगांत त्याला माउली म्हटलं. माझ्या आजोबांची भजनाची वही त्यांच्याच पदांनी भरलेली. पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं, छपाईचं काम मुक्ती मिशनच्या बायकांनी केलं, आणि ते १९२४ साली पूर्ण बाहेर पडलं तेव्हा रमाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती.

आता तुझ्यासाठी एक काम. मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत वाच, दोन तास पुरतात. सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी थांब. चौथ्या शतकातली दोन सर्वांत जुनी संपूर्ण हस्तलिखितं तिथेच संपतात: बायका कबरेशी आल्या, कबर रिकामी, त्या पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. बस. पुढची बारा वचनं नंतर कुणीतरी जोडली, शेवट असा अर्धवट सोडवेना म्हणून. आधी ती न वाचता पुस्तक मिटून ठेव, दुसऱ्या दिवशी ती वाच, आणि जोडणाऱ्याला कशाची अडचण झाली असेल ते मला कळव.